साहेबांचा मुक्काम

आक्का उंबऱ्याबाहेरच थांबल्या आणि म्हणाल्या, "तो नक्की गेला ना रे, श्रीपत?"

मी भाकरतुकडा ओवाळून टाकायला दारात उभी होते. माझ्या मागं आप्पा, म्हणजे माझे सासरे. आक्का त्यांची थोरली बहीण. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्यांना या दारात कधी पाहिलं नव्हतं. आप्पांनी मान हलवली. गेले, आठवडा होऊन गेला, एवढंच म्हणाले. मग आक्कांनी चपला काढल्या, उजवा पाय आत टाकला आणि मला म्हणाल्या, तू रत्ना ना, पाणी दे बाई, घसा सुकलाय.

त्या विचारत होत्या ते रंगनाथराव देवठाणकरांबद्दल. आमच्या निंभोऱ्यात नुसतं 'साहेब' म्हटलं की तेच. आता खोटं कशाला बोलू? आमच्या शिवारात कालव्याचं पाणी आलं ते त्यांच्यामुळं. माझी बी. ए. त्यांनी काढलेल्या मुलींच्या कॉलेजातली, नाहीतर माझ्या बापानं मला सातवीतच घरी बसवलं असतं. माझा थोरला पोरगा जन्मला तो दवाखानाही त्यांनीच आणलेला. आप्पा त्यांचे तालुक्यातले खास. साहेबांची गाडी गावात शिरली की पहिला चहा आमच्याकडं व्हायचा, कमी साखरेचा, आणि तो मीच करायचे. कपबशी परत देताना ते न चुकता विचारायचे, काय सूनबाई, बरं चाललंय ना. माणूस वाईट वाटायचा नाही. हेच तर अवघड होतं.

कारण त्यांच्याच राज्यात आक्कांचा विलास गेला होता. व्यापाऱ्यांनी कांद्याचे लिलाव बंद पाडले म्हणून शेतकऱ्यांनी बाजार समितीच्या फाटकात ट्रॉल्या आडव्या लावल्या होत्या. विलास काही पुढारी नव्हता, कॉलेजातलं पोरगं. नवरा अंथरुणाला खिळलेला म्हणून आक्कांनीच त्याला कांदा घेऊन पाठवलं होतं. पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि तो फाटकातच पडला. साहेब तेव्हा मंत्री होते. विधानसभेत उभं राहून त्यांनी सांगितलं की जमावात बाहेरचे गुंड घुसले होते.

आक्कांनी कोर्टकचेरी केली नाही. सरकारनं देऊ केलेली मदत परत पाठवली. त्यांचं मागणं एकच होतं, त्या माणसानं एकदा माझ्या ओट्यावर येऊन बसावं आणि माझ्या पोराचं नाव घ्यावं. साहेब आले नाहीत. आप्पांनी पक्ष सोडला नाही. मग आक्कांनी भावाला निरोप धाडला की तो जिवंत आहे आणि तुझ्या घरी येतोय तोवर मी तुझ्या घरात पाऊल टाकायची नाही. विसेक वर्षं त्यांनी ते पाळलं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हाही स्मशानापर्यंत आल्या आणि तिथूनच एसटी धरून परत गेल्या.

त्या शनिवारी आल्या त्या कामासाठी. बरोबर त्यांची मुलगी कमलताई आणि नात मोनाली. मोनालीचं लग्न ठरलं होतं, महिन्याभरावर आलं होतं. आमच्याकडं नवरीला बोहल्यावर मामा आणतो आणि अक्षता पडेस्तोवर तिच्या मागं उभा राहतो. मोनालीचा सख्खा मामा म्हणजे विलास. तो नाही, तर मग मामेकुळातलं दुसरं कोण? आमचे हे, मच्छिंद्र. कमलताईंचे मामेभाऊ. पण भावाच्या घराशी बोलणं नाही, मग भावाच्या पोराला मामा म्हणून उभं कसं करणार? नवऱ्याकडची माणसं विचारायला लागली होती, मुलीला आजोळ नाही का म्हणून. कमलताई मला चुलीपाशी हळूच म्हणाल्या, "आईनं अजून तोंडानं काही म्हटलेलं नाही. दोन दिवस राहते, बघते, मग विचारीन म्हणालीये. तेवढं नीट पार पडू दे गं."

मी म्हटलं पडेल की, न पडायला काय झालं. मासवड्या करायला घेतल्या होत्या, आक्कांना आवडतात असं आप्पांनीच दोनदा येऊन सांगितलं होतं. बैठकीत साहेबांचा मोठा फोटो होता, तो त्यांनी सकाळीच स्वतः उतरवून माळ्यावर टाकला होता. आप्पांना इतकं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बहिणीला लोड दे, पंखा तिच्याकडं फिरव, चहात आलं घाल. आक्का सगळं बघत होत्या. चहा पिताना हसल्यासुद्धा एकदा, आप्पा लहानपणी विहिरीत पडले होते ती गोष्ट सांगताना. मला वाटलं, जमलं.

दिवेलागणीला फोन वाजला.

पक्षाच्या जिल्हा कार्यालयातून होता. साहेबांच्या अस्थींचा कलश जिल्हाभर फिरत होता. गावोगाव लोकांनी दर्शन घ्यायचं आणि मग तो संगमावर विसर्जन करायचा, असं ठरलेलं. आमच्या तालुक्यातला मुक्काम साखर कारखान्याच्या चेअरमनांच्या वाड्यावर होता. पण चेअरमनांच्या सुनेला त्याच दुपारी मुलगी झाली. सोयर लागलं. सोयराच्या घरात अस्थी कशा ठेवणार? मग दुसरं घर कुठलं, तर श्रीपतरावांचं. साहेब पहिला चहा जिथं घ्यायचे ते.

आप्पा फोनवर नेहमी उभं राहून बोलायचे, समोर साहेब बसलेत असं धरून. त्या दिवशीही उठून उभे राहिले. हो, हो जी, माझ्याकडंच, त्यात विचारायचं काय, असं सगळं म्हणून मोकळे झाले. फोन ठेवला आणि वळले तेव्हा त्यांना कळलं आपण काय बोलून बसलो. चाळीस वर्षांची सवय हो, जीभ आधी चालते. मला असा संताप आला होता की पोळपाटावरची वडी मी तशीच परातीत फेकली.

कमलताईंनी पिशव्या भरायला घेतल्या. मोनाली रडायच्या बेतात. आक्का मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"ठेव त्या पिशव्या," त्या म्हणाल्या. "जित्तेपणी आला नाही. मेल्यावर तरी समोर येतोय. बघू दे मला."

"आक्का," आप्पा म्हणाले, "तू असताना तो माणूस माझ्या घरात यायचा नाही. शब्द देतो."

साहेबांना आप्पा कधी 'तो माणूस' म्हणाले नव्हते. मला वाटलं, कलश बाहेर ओट्यावर ठेवतील, मांडव घालतील, काहीतरी सोय काढतील. त्यांनी धुतलेली टोपी घातली आणि तालुक्याच्या हद्दीवर कलश घ्यायला गेले. रात्री तो सरकारी विश्रामगृहात राहणार होता आणि सकाळी मिरवणुकीनं गावात येणार होता. कलश क्षणभरही एकटा ठेवायचा नाही, अशी त्यांची रीत. तेव्हा रात्रीची राखण आप्पांनी स्वतःकडं घेतली.

रविवारी सकाळी 'अमर रहे'च्या घोषणा लांबूनच ऐकू आल्या. फुलांनी मढवलेली जीप, मागं मोटारसायकली. आप्पा जीपमध्ये कलश मांडीवर घेऊन बसले होते. खाली उतरले, ओट्यावर चढले आणि थेट उंबरा ओलांडून आत आले. बैठकीतल्या टेबलावर पांढरं कापड अंथरून त्यांनी कलश ठेवला. तांब्याचा, तोंडाला लाल फडकं बांधलेलं.

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मनात म्हटलं, हाच का तुमचा शब्द? आक्का समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनीही भावाकडं बघितलं. आप्पांनी काही नजर वर केली नाही. डोळे लाल, धोतराच्या काठाला माती लागलेली. मला वाटलं, रात्रभर रडले असणार.

मग लोकांची रीघ लागली. बायका पदर पसरून नमस्कार करत होत्या. कालव्यावरची एक म्हातारी कलशापुढं बसून खरोखरीची रडली, साहेबांनी पाणी आणलं म्हणून तिच्या पोरांना ऊसतोडीला जावं लागलं नाही. ते रडणं खोटं नव्हतं. आक्का ते सगळं ऐकत होत्या, कुणी ओळखलं तर हात जोडत होत्या. त्यांच्या तोंडावर राग दिसता तर मला बरं वाटलं असतं. पाहुण्यांची वाट बघत बसावं तशा त्या गर्दी ओसरायची वाट बघत बसल्या होत्या.

दुपारी शोकसभा होती, मारुतीच्या पारावर. अध्यक्ष आप्पा. आमचे हे सतरंज्या आणि खुर्च्यांच्या मागं. कलशाबरोबर आलेली पक्षाची पोरं जेवली आणि जीपमध्ये पाय लांब करून झोपली. प्रश्न आला कलशापाशी कोण बसणार. मी बसते म्हणणार होते, खरं सांगते, भीती वाटत होती तरी म्हणणार होते. त्याआधी आक्का म्हणाल्या, "मी बसते."

कमलताई घाबरल्या. मी आप्पांकडं बघितलं, नाही म्हणा म्हणून. त्यांनी फक्त मान डोलावली आणि टोपी सारखी करून बाहेर पडले. हा माणूस वेडा झालाय का, असं मला वाटलं. कमलताईंना आणि मोनालीला मी मागच्या खोलीत जरा पडा म्हटलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दाराशी तांदूळ निवडत बसले.

एप्रिलची दुपार. वीज गेलेली. गाव सगळं सभेला, आळीत चिटपाखरू नाही. झेंडूचा आणि उदबत्तीचा वास घरभर कोंदला होता. बैठकीत आक्का बोलायला लागल्या. हळू आवाजात, शेजारणीशी बोलावं तसं.

विलासबद्दल सांगत होत्या. तो पायाळू जन्मला होता. त्याला वांगं आवडायचं नाही. दहावीला गणितात चांगले मार्क पडले म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं गल्लीत पेढे वाटले. त्या दिवशी सकाळी जायला तो नाखूश होता, कॉलेजात काहीतरी होतं, पण त्यांनीच पाठवलं. मधेमधे त्या थांबायच्या. समोरचा काही म्हणेल, त्याला जागा द्यावी तशा. मला खरंच वाटत होतं, आता आतून साहेबांचा आवाज येणार. काय सूनबाई, बरं चाललंय ना. मी तांदळात बोटं फिरवत बसले आणि वर बघायची छाती झाली नाही.

"आता नाव घ्या," आक्का म्हणाल्या. "विलास. एकदा म्हणा."

मग फडक्याची गाठ सोडल्याचा आवाज आला.

मी ताट टाकून धावले. आक्कांनी कलश मांडीवर घेतला होता आणि त्यांचा हात मनगटापर्यंत आत होता. त्यांनी मूठ बाहेर काढली, ओंजळीत उघडली. खिडकीच्या फटीतून ऊन येत होतं, त्यात त्यांनी ती राख धरली आणि बोटानं चाळली.

"रत्ना, हे बघ."

मला काय कळणार? राख ती राख. पण आक्कांना कळत होतं. विलासच्या वेळी सावडायला त्या स्वतः गेल्या होत्या, बायका जात नाहीत तरी. आपल्या पोराची हाडं त्यांनी आपल्या हातानं वेचली होती. त्यांनी मला दाखवलं, यात हाड नाही. कोळशाचे बारीक तुकडे होते, आणि वाकलेला, काळा पडलेला एक खिळा. खोक्याच्या फळ्या जाळल्यावर बंबाखाली निघतो तसला.

"ही बंबातली राख आहे," त्या म्हणाल्या. "तो आलाच नाही."

त्यांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा फाटला. इतकी वर्षं साठवलेलं सगळं त्यांनी बोलून टाकलं होतं, आणि ते ऐकायला समोर कुणी नव्हतं. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले, त्यांचा हात पदरानं पुसला. बंबातलीच राख म्हटल्यावर माझी भीती जायला हवी होती. ती उलट वाढली. मग सकाळपासून लोक कुणाच्या पाया पडत होते? आणि मघाशी आक्का थांबत होत्या तेव्हा त्या खोलीत कोण होतं? मी कलशाला गाठ बांधली, ती वाकडीच बसली.

सभा संपवून आप्पा आधी एकटेच आले. आक्कांनी त्यांना दार लावून घ्यायला सांगितलं. मग कलशाकडं बोट केलं.

"हा कोण आहे, श्रीपत?"

आप्पांनी गाठ बघितली. खुर्चीत न बसता ते बहिणीसमोर खाली बसले.

"राख आहे," म्हणाले. "विश्रामगृहाच्या बंबातली. मीच भरली."

साहेबांच्या गाडीच्या टायरला कुणी पाय लावला तर आप्पा खेकसायचे. ते सांगायला लागले, खाली मान घालून. पार्टीला नाही म्हणता येईना आणि बहिणीला दिलेला शब्द मोडता येईना. पोरं घोरत पडली होती. पहाटे त्यांनी कलश उघडला, साहेबांना आपल्या उपरण्यात बांधलं आणि कलशात राख भरून ठेवली. तू घरात असताना त्याला आत कसा आणू, म्हणाले.

"मग तो कुठंय?"

"फाटकात. बाजार समितीच्या."

आप्पांनी मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा उजळला होता. काहीतरी फार मोठं काम करून आलेल्या माणसाचा चेहरा. "दर वर्षी मी त्यांना म्हणायचो, आक्का. तुला माहीत नाही. दर वर्षी. साहेब, तिच्या घरी नको तर नको, फाटकापाशी दोन मिनिटं उभं राहा. ते म्हणायचे, येऊ की आप्पा, येऊ की. आजारी पडले तेव्हाही म्हणाले, येऊ की. शेवटी आज मीच उचलून नेला. विलास पडला होता ना, त्याला लागूनच, फाटकाच्या तोंडाशी मातीत मिसळून आलो. आला म्हणायचं तो आता."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला वाटलं, झालं, आता ही बहीणभावंडं एकमेकांच्या गळ्यात पडणार. म्हातारा एवढी वर्षं मनात काय घेऊन फिरत होता, कुणाला ठाऊक.

आक्कांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझ्या पोराशेजारी?" त्या म्हणाल्या.

आप्पांना कळलं नाही. मलाही नाही.

"मी दर वर्षी जाते तिथं. त्याच्या दिवसाला. गाड्या लागायच्या आत, कुणाला न सांगता. गूळखोबरं ठेवते, त्याच्याशी बोलते." त्या अगदी हळू बोलत होत्या. "तेवढी एक जागा होती रे माझी. कालवा त्याचा, कॉलेज त्याचं, दवाखाना त्याचा. माझा भाऊ त्याचा. ती एक जागा अशी होती की जिथं तो कधी आला नव्हता."

आप्पा धडपडत उठले. मी जातो, म्हणाले, आत्ता जातो, झाडून घेतो, गोळा करून आणतो.

"मातीतनं माणूस वेगळा काढता येतो व्हय?" आक्का म्हणाल्या.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकली आल्या, घोषणा सुरू झाल्या, दार वाजलं. मी उघडलं. पोरं आत आली, कलशावर नवीन हार चढला. रीतीप्रमाणं आप्पांनीच तो डोक्यावर घ्यायचा होता. त्यांनी घेतला. फोटोवाल्यानं फोटो काढले. डोक्यावर बंबातली राख घेऊन माझे सासरे ओटा उतरत होते आणि गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि लोक एकमेकांना सांगत होते की निष्ठा असावी तर अशी. पुढं ती राख संगमावर गेली, बंदुकांची सलामी झाली, पेपरात फोटो आला. आजवर कुणाला काही कळलेलं नाही.

आप्पा कलश पोचवून आले ते थेट परसात जाऊन बसले. चहा नेला तर घेतला नाही. मी एवढंच म्हटलं, आप्पा, तुम्ही चांगल्यासाठीच केलंत. ते म्हणाले, "चाळीस वर्षं त्यांचं ऐकलं, तिला दुखावलं. एकदा त्यांना फसवलं, तरी तिलाच दुखावलं." मी कप उचलून आत आणला.

सोमवारी सकाळी आक्का निघाल्या. पिशव्या दारात आल्या तरी मामाचा विषय निघाला नव्हता. कमलताईंनी आशा सोडली होती. मोनाली मुकाट्यानं चपला घालत होती. मी हळदीकुंकू लावलं, नारळ ओटीत घातला. तेव्हा आक्का आमच्या ह्यांच्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, मच्छू, पोरीच्या मागं मामा म्हणून तू उभा राहायचंस, दोन दिवस आधी ये. हे हो म्हणाले आणि त्यांच्या पाया पडले. मोनाली मला येऊन बिलगली, मला हुंदका आवरला नाही.

आप्पा खांबाला टेकून उभे होते. त्यांना काही विचारलं नव्हतं, आणि मागायची त्यांची हिंमत नव्हती. आक्का त्यांच्यासमोर जाऊन थांबल्या.

"तूही ये लग्नाला," त्या म्हणाल्या. "आणि ऐक. मी आता फाटकाशी जायची नाही. विलासच्या दिवसाला तू जायचंस. गूळखोबरं तू ठेवायचंस. विलास आत आहे, आणि दारात तू त्या माणसाला आणून ठेवलंस. माझ्या पोरापाशी जायचं तर त्याला ओलांडून जावं लागेल. तू ओलांडायचंस."

हे ज्यांनी आप्पांना पाहिलं नाही त्यांना कळायचं नाही. झोपलेल्या माणसाला ओलांडू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवतात. लहान पोराला कुणी चुकून ओलांडलं तरी परत उलटं ओलांडायला लावतात. आणि इथं तर साहेब. त्यांच्या सतरंजीवर पाय पडला तरी आप्पा हात लावून कपाळाला लावायचे. आप्पांनी बहिणीकडं बघितलं, ओठ हलले, आणि मग म्हणाले, बरं.

लग्न छान झालं. आप्पा पहिल्या रांगेत बसले होते. आक्का त्यांच्याशी बोलल्या, जेवायला वाढलं, पण त्या विषयावर एक शब्द नाही. पुढं पाचसहा वर्षांनी आक्का गेल्या. फाटकाशी त्या परत कधी गेल्या नाहीत.

आप्पा मात्र जात राहिले. डोळे अधू झाल्यावर मला बरोबर घेऊन जायचे. फाटकाच्या अलीकडं चपला काढायचे, हात जोडायचे, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायचे. मग धोतर सावरून पाय उचलायचे. खूप उंच, जमिनीवर आडव्या झोपलेल्या माणसाला धक्का लागू नये इतका उंच. खाली काही नसायचं. कांद्याची टरफलं, ट्रॉल्यांच्या चाकोऱ्या. तो एक पाय पलीकडं टेकेपर्यंत ते माझा दंड गच्च धरायचे. पलीकडं गेले की तिथं खाली बसायचे, गूळखोबरं ठेवायचे आणि बराच वेळ उठायचे नाहीत. येताना परत तसंच. त्यांना जाता येईना झालं, त्या वर्षी त्यांनी मला पाठवलं. मी ओलांडलं का, हे आल्या आल्या विचारलं. मी हो म्हटलं. खरंच ओलांडलं होतं.

आता आप्पाही नाहीत. निंभोऱ्यात साहेबांचा पुतळा झालाय, कॉलेजला त्यांचं नाव लागलंय, माझी नात तिथं शिकते. विलासचं नाव कुठंच नाही. बाजार समितीनं फाटकात सिमेंट केलंय.

मागच्या महिन्यात नातीला घेऊन तिथं कांदे आणायला गेले होते. भर दुपार, दिवस काही विशेष नव्हता. फाटकात आल्यावर मी थांबले, लुगडं सावरलं, आणि पाय उचलला. नात हसायला लागली. म्हणाली, आज्जी, तिथं काय आहे?

मी तिला म्हटलं, काही नाही बाई, तू पण उचल.